राखीगढीची बाई आणि जातीची बंद दारे

सप्टेंबर २०१९ मध्ये हरियाणातील राखीगढीच्या एका बाईचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या चमूने हाडांचे साठच्या वर नमुने तपासले. डीएनए वाचता आला तो फक्त हिचा. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, सिंधू संस्कृतीतली ही बाई. युरेशियाच्या गवताळ 'स्टेप' प्रदेशातील पशुपालकांचा अंश तिच्यात सापडला नाही.

झाले! काहींनी लगेच जाहीर केले की आर्य बाहेरून आलेच नाहीत. हा तर्क उफराटा आहे. जो अंश तिच्यात नाही तो आज बहुतेक भारतीयांत आहे, मग तो तिच्यानंतरच आला ना? त्याच महिन्यात 'सायन्स'मध्ये पाचशेहून अधिक प्राचीन माणसांचा अभ्यास आला. त्यानुसार हा अंश इ.स.पू. २००० ते १५०० या काळात भारतात आला.

आपल्या चळवळीतले काही मित्र यावरून म्हणतात, "बघा, ते परके, आपण शुद्ध मूलनिवासी." मित्रहो, हेही टिकत नाही. प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ७३ समूह तपासले. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी येथे सर्रास मिश्रण झाले, भिल्लही त्यातून सुटले नाहीत. त्यानंतर मात्र दारे बंद झाली. जो तो आपल्याच गटात लग्न करू लागला.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील निबंधात हेच सांगितले होते: जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'तही त्यांनी ठणकावले की जात म्हणजे वंशभेद नव्हे, वंशांची सरमिसळ झाल्यावर ती आली. तेव्हा त्यांच्या हाती डीएनए नव्हता, समाजाचे निरीक्षण होते.

बंद दारांची किंमत आजही शरीर मोजते. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांपैकी ८१ समूह फार थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले. अशा समूहांत आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात भूल देताना वापरायच्या एका औषधाने स्नायू बराच वेळ लुळे पडतात, असे रुग्ण जास्त आढळतात.

म्हणून रक्ताच्या शुद्धतेचा दावा कोणीही करू नये, त्यांनीही नाही आणि आपणही नाही. आपली लढाई परक्या रक्ताशी नाही, विषमतेला धर्म म्हणणाऱ्या व्यवस्थेशी आहे. जात निसर्गाने दिलेली नाही. माणसांनी लावलेली दारे माणसेच उघडू शकतात.

जय भीम!