समुद्रावरील जुनी उपकरणे : संग्रह आणि इतिहास



भूगोलाच्या एका व्रतस्थ शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या मालेत बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. गेली तीस वर्षे मी जुन्या जहाजांवरील साधने जमवीत आलो. होकायंत्रे, दुर्बिणी, कोनमापके, शिशाचे ओळंबे असा हा पसारा आहे. घरातील मंडळी त्याला भंगार म्हणतात, आणि वजनाच्या दृष्टीने ते अगदीच खोटे नाही. परंतु अशा वस्तूंवरून इतिहास कितपत कळतो, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

एका वस्तूपासून आरंभ करू. वास्को द गामाच्या १५०२च्या दुसऱ्या सफरीत त्याचा मामा व्हिसेंत सोद्रे हाही होता. गामा परतल्यावर सोद्रे आपली जहाजे घेऊन अरबस्तानच्या किनाऱ्याकडे गेला. मे १५०३ मध्ये ओमानजवळील अल हल्लानिया बेटापाशी तो नांगर टाकून होता. उत्तरेचा सोसाट्याचा वारा येणार, जहाजे हलवा, असे बेटावरील लोकांनी बजावले होते. सोद्रेने ते मानले नाही. दोन जहाजे फुटली आणि सोद्रेही बुडाला. या जागेच्या उत्खननात २०१४ साली तांब्याच्या मिश्रधातूची एक तबकडी सापडली. तिचा व्यास १७.५ सेंटिमीटर, वजन ३४४ ग्रॅम. तिच्यावर पोर्तुगालचे राजचिन्ह होते, पण अंशांच्या खुणा दिसत नव्हत्या. वॉरिक विद्यापीठातील तज्ज्ञांनी तिचे लेसरने सूक्ष्म मापन केले, तेव्हा पाच-पाच अंशांच्या अंतराने कोरलेल्या अठरा रेषा उमटल्या. ज्ञात असलेल्यांपैकी नाविकांचे सर्वांत जुने ॲस्ट्रोलेब ते हेच.

हे साधन कडीला धरून लोंबते सोडायचे, फिरत्या पट्टीच्या दोन छिद्रांतून सूर्याचा किरण जुळवायचा आणि काठावरील अंश वाचायचा. माध्यान्हीची उंची आणि त्या दिवसाचे क्रांतीचे कोष्टक यांवरून अक्षांश निघतो. बोलायला सोपे, पण डोलत्या जहाजावर फार कठीण! पुढच्या काळातील ॲस्ट्रोलेबे जाळीदार, चाकाच्या आकाराची केली जाऊ लागली, ती वाऱ्याने हलू नयेत म्हणून. ओमानची तबकडी भरीव आहे, म्हणजे हा शहाणपणा यायच्या आधीची.

आता दुसरी बाजू पाहू. जुवांव द बार्रुश या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, १४९८ मध्ये मालिंदी येथे गामाने आपले ॲस्ट्रोलेब वाटाड्याला दाखविले, तेव्हा त्याला मुळीच नवल वाटले नाही. बार्रुशच्या मते हा वाटाड्या गुजराती मुसलमान होता. त्याच्याजवळ लाकडी फळ्यांचे स्वतःचे साधन होते. अरबी समुद्रावर ‘कमाल’ नावाने ओळखले जाणारे साधन याच जातीचे. एक आयताकृती फळी, तिच्या मध्यातून ओवलेली दोरी आणि दोरीला गाठी. गाठ दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला टेकवायची. गाठ जुळली की हव्या त्या बंदराचा अक्षांश आला. मग तो राखीत किनाऱ्याकडे यायचे. पैसा जवळजवळ लागत नसे, आणि काम चोख होई.

प्राचीन वस्तूंच्या बाजारात मात्र कमाल दिसत नाही. लाकूड किडते, दोरी कुजते, आणि जुनी झालेली फळी चुलीत जाते. पितळ टिकते, चकाकते, विकले जाते. संग्रहालयांतील कपाटे पाहून समुद्र पितळेनेच जिंकला असा समज होत असेल, तर तो बाजाराने करून दिलेला समज आहे. कच्छच्या एका नाविकाचा तांबड्या समुद्राचा नकाशा आज पाहायला मिळतो, तो १८३५ साली अलेक्झांडर बर्न्सने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीला दिला म्हणून. त्यासारखे किती नकाशे वह्यांसकट रद्दीत गेले असतील!

बाजाराविषयीही बोलले पाहिजे. गुजरातेत अलंगला जहाजे मोडली जातात आणि तिथल्या रस्त्याकडेच्या दुकानांत त्यांच्यावरील खरे सामान मिळते. ते बहुधा विसाव्या शतकातील असते, हे ध्यानात ठेवावे. रुडकीला पितळी उपकरणे घडविणारे कसबी कारागीर आहेत. त्यांच्या हातच्या प्रतिकृती सुबक असतात आणि प्रतिकृती म्हणून घेण्यात काहीच गैर नाही. पण त्यांच्यावर लंडनचे नाव आणि जुने साल कोरलेले असते, आणि मधला कोणीतरी ते खरे म्हणून विकतो. अशा वेळी नाव पाहू नये, अंशांच्या रेषा पाहाव्यात. जेसी रॅम्सडेनच्या विभाजनयंत्राचे वर्णन १७७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पद्धतीने आखलेल्या चापावरच्या रेषा केसासारख्या बारीक आणि भिंगाखालीही समान अंतराच्या दिसतात. शोभेच्या वस्तूवर त्या जाड असतात, आणि त्यांवरून कोन मोजता येत नाही.

खोट्या वस्तूने एका माणसाचे पैसे जातात. खरी वस्तू चुकीच्या रीतीने उचलली तर सर्वांचेच नुकसान होते. आपल्या मुरगावजवळील सुंची खडकावर सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आहेत. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांना तेथे तोफांच्या नळ्या, चिनी भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले. दात आणि हस्तिदंत त्या ठिकाणी, त्या सामानासोबत मिळाले, म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्याशी चाललेल्या व्यापाराचा माग लागतो. तोच दात दुकानाच्या काचेमागे ठेवा. तो नुसता दात होतो. एका विक्रेत्याने मला समुद्रातून काढलेला म्हणून एक गंजलेला तुकडा दाखविला होता. कुठून काढला, हे सांगायला तो तयार नव्हता. मी तो घेतला नाही. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत, हेही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे.

माझ्या संग्रहातील सर्वांत स्वस्त वस्तू मी शाळेला देत आहे. तो खोली मोजण्याचा शिशाचा ओळंबा आहे. त्याच्या बुडाला खळगा आहे. त्यात चरबी भरून ओळंबा सोडला, की तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई, आणि तो पाहून तांडेल जागा ओळखीत असे. सोबतच्या चिठ्ठीवर तो कोणत्या गावच्या होडीवर होता, कोणी वापरला आणि मला कधी मिळाला, एवढे लिहिले आहे. ओळंबा एखाद्या वेळी हरवला तरी चालेल, ती चिठ्ठी मात्र जपावी.