इंग्लिश चांदीवरचे छाप आणि वर्षाक्षरे

जुन्या इंग्लिश चांदीच्या चमच्याच्या दांड्यावर किंवा चहादाणीच्या बुडाशी चार-पाच बारीक छाप मारलेले असतात. चांदीचा कस, तपासणीचे शहर, तपासणीचे वर्ष आणि मालाला जबाबदार असलेला कारागीर, एवढे सगळे त्यांतून कळते. हे छाप एकदम ठरलेले नाहीत. कधी लबाडीला आळा घालण्यासाठी, तर कधी राजाच्या तिजोरीसाठी त्यांत एकेकाची भर पडत गेली.

शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून तिच्यात तांबे मिसळावेच लागते. मात्र हीण किती घातले, हे गिऱ्हाइकाला नुसत्या नजरेने कळत नाही. 1300 मध्ये पहिल्या एडवर्डने चांदीच्या वस्तूंना स्टर्लिंगचा, म्हणजे हजारात 925 भाग चांदीचा कस बंधनकारक केला आणि तपासलेल्या वस्तूवर बिबट्याच्या मुखाचा छाप मारण्याचा कायदा केला. 1363 मध्ये प्रत्येक उस्ताद कारागिराला स्वतःची खूण सक्तीची झाली. या खुणा आधी चित्रांच्या होत्या. आद्याक्षरे पुढे रूढ झाली.

वर्षाक्षर आले 1478 मध्ये. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीने आपल्या हॉलमध्ये पगारी पारखी नेमला आणि दरवर्षी बदलणारे एक अक्षर ठरवले. पुढेमागे कमी कसाची वस्तू सापडली, तर ती कोणत्या पारख्याच्या कारकिर्दीत पास झाली हे त्या अक्षरावरून सांगता यावे, हा हेतू. आज संग्राहकांना त्यावरून वस्तूचे वय कळते, पण मुळात ते पारख्यावरच्या देखरेखीचे साधन होते. 1544 पासून चालत्या सिंहाचा छाप आला. त्याच काळात आठवा हेन्री नाण्यांतली चांदी घटवत होता.

लंडनच्या वर्षाक्षरांचे चक्र वीस अक्षरांचे. जे आणि शेवटची काही अक्षरे वगळली जात आणि चक्र संपले की अक्षराचे वळण किंवा भोवतालच्या ढालीचा आकार बदले. तरी गफलत होतेच. लहान लिपीतला साधा ‘ए’ 1736, 1776 आणि 1816 या तिन्ही वर्षांचा आहे. इथे बाकीचे छाप कामी येतात. 1784 ते 1890 पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तक उमटवले जाई. ते असेल तर वर्ष 1816. नसेल, आणि शेजारी हेस्टर बेटमन या कारागीर स्त्रीची ‘एचबी’ ही वळणदार आद्याक्षरे असतील, तर 1776. कारण पतीच्या निधनानंतर तिने आपली खूण नोंदवली ती 1761 मध्ये. तेव्हा अक्षर मे महिन्याच्या अखेरीस बदलत असे, म्हणून ‘1776’चा खरा अर्थ 1776-77 असा घ्यावा लागतो.

कारागिराच्या खुणेलाही इतिहास आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस नाणी कातरून आणि वितळवून भांडी घडवण्याचा धंदा इतका बोकाळला, की 1697 मध्ये भांड्यांचा कस नाण्यांपेक्षा वाढवून हजारात 958 करण्यात आला. सिंहाच्या जागी ब्रिटानियाची बसलेली आकृती आली आणि कारागिरांना आडनावाची पहिली दोन अक्षरे वापरावी लागली. म्हणून पॉल द लामेरी या कारागिराची सुरुवातीची खूण ‘एलए’ आहे, पुढची ‘पीएल’. 1720 मध्ये जुना कस परत आला, पण औंसामागे सहा पेन्स कर घेऊन. तो चुकवण्यासाठी काही कारागीर लहान वस्तूवर छाप मारून घेत आणि तो तुकडा कापून मोठ्या भांड्याच्या बुडाशी डाकाने जोडत. अशा भांड्यावर तोंडाची वाफ सोडली तर सांध्याची रेघ दिसू शकते. 1739 मध्ये सगळ्या जुन्या खुणा मोडून नाव-आडनावाच्या आद्याक्षरांच्या नव्या खुणा नोंदवण्याचा हुकूम निघाला.

या खुणेवरून घडवणारा हात कळतोच असे नाही. माल तपासणीला पाठवणारा कळतो. मोठ्या कार्यशाळेत घडण करणारे वेगळे आणि खूण मालकाची असे. शिवाय लंडनच्या 1697 पूर्वीच्या नोंदवह्या उरलेल्या नाहीत आणि 1758 ते 1773 या काळातली मोठ्या भांड्यांच्या कारागिरांची वही गहाळ आहे. चार्ल्स जॅक्सनने 1905 मध्ये आणि आर्थर ग्रिमवेडने 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या खुणांवरच्या ग्रंथांचे मोल म्हणूनच मोठे आहे.

1773 मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्डला स्वतःच्या परखकचेऱ्या मिळाल्या. बर्मिंगहॅमसाठी उद्योजक मॅथ्यू बोल्टनने नेट लावला होता. त्या शहराचा छाप नांगर, शेफील्डचा 1974 पर्यंत मुकुट होता. शेफील्डने वर्षाक्षरांचा आरंभ ‘ई’पासून केला आणि 1824 पर्यंत वर्णक्रम पाळलाच नाही, त्यामुळे आधी शहर ओळखल्याशिवाय वर्ष काढणे व्यर्थ आहे. ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानात अशी सक्तीची तपासणी नव्हती. कलकत्ता-मद्रासच्या युरोपीय पेढ्या आपलेच छाप मारत. ते इंग्लिश तक्त्यांवर जुळवू नयेत.

1975 पासून ब्रिटनभर वर्षाक्षर एकच झाले आणि ते 1 जानेवारीला बदलू लागले. 1999 मध्ये ते ऐच्छिक करण्यात आले. पाचशे वर्षे चाललेली ही सक्ती उठवायला नको होती. ज्या वस्तूवर ते अक्षर नाही, तिचे वय पुढच्या अभ्यासकाला बाकीच्या छापांवरून आणि घडणीच्या शैलीवरून अंदाजावे लागेल.