भिलाईच्या परिसरातील वंचक

वंचक किंवा ढोकरी हा सुमारे 45 सेंटीमीटर लांबीचा लहान बगळा. त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम दख्खनमधून झाले. मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम सायक्स यांनी 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली आणि प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांच्या नावावरून त्याला ‘ग्रेयी’ हे जातिनाम दिले.

एरवी मातकट, रेघाळ दिसणारा हा पक्षी काठावर मान आखडून निश्चल उभा राहतो. उडाला की पांढरेशुभ्र पंख दिसतात. पावसाळ्यातील विणीच्या काळात त्याची पाठ गडद तांबूस-किरमिजी होते. चिंच, वड, आंबा अशा झाडांवर तो थव्याने घरटी बांधतो.

भिलाई ज्या छत्तीसगडमध्ये आहे, तिथे या पक्ष्याला माणसानेच पाणी दिले. ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, अशा 126 तळ्यांची परंपरा इथल्या जुन्या गावांशी जोडलेली आहे. आंघोळ, धुणे आणि गुरांसाठी राखलेल्या या निस्तारी तळ्यांच्या उथळ काठांवर वंचकाला बेडूक, मासोळ्या नि किडे मिळत. भाताची शेतीही त्याच्या सोयीची होती. फेकपेरणीचे पीक महिनाभराचे झाले की साचलेल्या पाण्यात त्याच उभ्या पिकातून हलका नांगर फिरवतात. याला बियासी म्हणतात. चिखल ढवळला की खाद्य वर येते.

1921 साली पूर्ण झालेल्या तांदुला धरणाच्या कालव्यांनी दुर्ग भागात ओलिताखालची जमीन वाढवली. पुढे 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन याच भागात भिलाई पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. शेतांच्या जागी कारखाना आणि नगर वसले. मात्र कारखान्यालाही पाणी लागते. ते तांदुलाच्या कालव्यातून आणून मरोद्याच्या जलाशयात साठवले जाऊ लागले आणि परिसराला नवा पाणवठा लाभला.

1972 च्या वन्यजीव कायद्याने वंचकाला संरक्षण आहे आणि जागतिक पातळीवर त्याची जात आज धोक्यात नाही. तरीही तळी बुजवणे, काठ सिमेंटने बांधून काढणे, जुनी झाडे तोडणे आणि शेतात कीटकनाशके फवारणे यांमुळे त्याचे अन्न आणि घरट्याच्या जागा घटतात. म्हणून उथळ, मातीचे काठ आणि तळ्याकाठची मोठी झाडे राखणे हेच त्याचे खरे संरक्षण आहे.