नानकटाई आणि घरचा केक : मापे, भट्टी आणि बिघाड

वडोदऱ्यातील आपल्या मराठी घरांत भट्टीचे पदार्थ मुख्यतः दोनच होतात : दिवाळीची नानकटाई आणि वाढदिवसाचा बिनअंड्याचा केक. पाव, खारी, टोस्ट हे बाजारातूनच येतात, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही. ‘नान’ हा रोटीसाठी फारसी शब्द. गुजराती शेजारी ‘नानखटाई’ म्हणतात, आणि आपल्यापैकी बरेच जण आता तसेच म्हणतात. सुरतेत डच व्यापाऱ्यांसाठी चालणाऱ्या बेकरीतून ती आली, अशी कथा इकडे सांगितली जाते.

या दोन पदार्थांच्या कृती सभासदांत जेवढ्या फिरतात तेवढ्या दुसऱ्या कशाच्याही फिरत नाहीत. आणि जेवढ्या फिरतात तेवढ्या फसतात. एकीकडे खुसखुशीत झालेली नानकटाई दुसऱ्या घरी पसरून थाळीभर एकच पोळी होते. मग ‘तिने काहीतरी सांगायचे ठेवले’ असा संशय येतो. बहुतेक वेळा तो खरा नसतो.

घरोघरी ओव्हन येण्यापूर्वी नानकटाई घरी भाजलीच जात नसे. पीठ मळून, गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून ते बेकरीत न्यायचे. पावाची खेप निघाल्यावर भट्टी उतरत्या आचेवर असे आणि तीच आच नानकटाईला मानवते. ट्रेवर नावाची चिठ्ठी लावायची. तरीही कोणाची तरी नानकटाई कोणाच्या तरी घरी जायचीच, आणि ती आपल्यापेक्षा बरी निघाली तर परत करायला जड जायचे. सांगायचे ते असे की निम्मी कृती बेकरीतल्या कारागिराच्या हातात होती. म्हणूनच जुन्या वह्यांत ना तापमान आहे, ना वेळ. ‘बेकरीतून भाजून आणणे’ एवढ्यावर पान संपते.

दुसरी अडचण वाटीची. वहीतली ‘एक वाटी’ ही त्या घरातली एक ठरावीक वाटी असते. १५० मिलिलिटरची वाटी मैदा हलक्या हाताने भरली तर सुमारे ८० ग्रॅम भरते, दाबून भरली तर ९५च्या आसपास जाते. २०० मिलिलिटरची वाटी असेल तर हिशेबच वेगळा. आयुष्य बँकेत गेल्यामुळे ‘अंदाजे’ या शब्दाशी आमचे तसेही जमत नाही.

तिसरी गोष्ट तुपाची, आणि आमच्या मते खरी मेख इथेच आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या पुष्कळ कृतींत ‘तूप’ म्हणजे डालडा. वनस्पती तूप उशिरा वितळते, त्यामुळे नानकटाई आकार धरून बसते. आज आपण त्याच प्रमाणात घरचे साजूक तूप घालतो. ते लवकर वितळते आणि नानकटाई पसरते. पुन्हा वनस्पतीकडे जावे असे आम्ही सुचवत नाही, पण वहीतले तूप कोणते हे विचारून घ्यावे. ऋतूचाही फरक पडतो. दिवाळीत तूप रवाळ असते, वैशाखात वडोदऱ्याला पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ते पातळ असते. उन्हाळ्यात तूप आधी फ्रिजमध्ये थिजवून घ्यावे आणि वळलेले गोळेही भाजण्यापूर्वी वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावेत.

साजूक तुपाचे हे प्रमाण चांगले जमते. मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, थिजलेले तूप १५० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, वेलचीपूड, चिमूटभर मीठ. तूप आणि साखर हलकी, पांढुरकी होईपर्यंत फेटावी. पिठे चाळून त्यात मिसळावीत. मळायचे नाही, नुसते गोळा होईपर्यंत एकत्र करायचे. पीठ फारच कोरडे वाटले तर चमचाभर तूप वाढवावे, पाणी नको. सुमारे पंचवीस होतात. १६० ते १७० अंश सेल्सियसवर १८ ते २० मिनिटे. बाहेर काढताना ती मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. मऊ लागते म्हणून आणखी दहा मिनिटे ठेवणे, हा करपण्याचा नेहमीचा मार्ग.

केकच्या तक्रारी बहुधा सोड्यापाशी येतात. खाण्याच्या सोड्याला आंबट लागते : दही, लिंबू किंवा व्हिनेगर. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच असते. एकाऐवजी दुसरे तेवढेच घातले तर केक एकतर बसतो किंवा साबणासारखा लागतो. डबा जुना असेल तर अर्धा चमचा पावडरीवर गरम पाणी ओतून पाहावे. फसफसली नाही तर फेकून द्यावी. केक मध्येच खचला तर ओव्हन लवकर उघडला गेला, पावडर जास्त झाली किंवा आत कच्चा राहिला, यांपैकी एक. दडस झाला तर मैदा घातल्यावर फार घोटला गेला. वर करपला आणि आत ओला राहिला तर भांडे वरच्या कांडीच्या फार जवळ होते. लहान ओटीजीमध्ये खालचा खण वापरावा.

कुकरमधला केक अजून पुष्कळ जणी करतात आणि उत्तम करतात. तळाला मिठाचा किंवा वाळूचा थर, त्यावर जाळी, शिट्टी आणि रबर काढलेले, आत पाणी नाही. मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवून मग मंद आचेवर ४० ते ५० मिनिटे. त्यासाठी जुना कुकर वेगळा ठेवावा. कोरडे तापवून कुकर खराब होतो.

कृती देताना-घेताना कोणाची, कोणत्या महिन्यात केली, तूप कोणते आणि ओव्हन कोणता, हे चारही लिहावे. घरात आजी किंवा काकू अजून हाताने घालत असतील तर त्यांना माप विचारू नये, त्यांना ते सांगता येत नाही. त्या करत असताना परात वजनकाट्यावर ठेवावी, काटा शून्यावर आणावा आणि त्या घालतील तसे आकडे लिहून घ्यावेत. आणि ज्या घरी आता विचारायला कोणी उरले नाही, पण वही आहे आणि वाटी आहे, त्यांनी ती वाटी मोडीत देऊ नये. काट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरावे. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर वाटी. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा, म्हणजे आतल्या सगळ्या कृती वाचता येतील.