वऱ्हाडातील समुपदेशकांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा प्रश्न : एक ऐतिहासिक विवेचन

खचलेल्या मनुष्यास धीर देणे आणि गोंधळलेल्या मुलास वाट दाखविणे हे काम आपल्या समाजात वडीलधारी माणसे, गुरुजी आणि कीर्तनकार पूर्वापार करीत आले आहेत. मग त्यासाठी विद्यापीठाच्या पदव्युत्तर शिक्षणाची आवश्यकता काय, असा प्रश्न सुशिक्षितांकडूनही विचारला जातो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचे उत्तर केवळ तत्त्वचर्चेने न देता अमरावती व अकोला या भागाच्या अनुभवावरून शोधावयाचे आहे. निष्कर्ष आरंभीच सांगावयाचा तर असा की, वऱ्हाडात समुपदेशनाची सेवा संकटाच्या पाठोपाठ आली. परंतु ती सेवा देणाऱ्यास शिकविणारा व त्याच्या कामाचे पर्यवेक्षण करणारा वर्ग घडविण्याचा विचार मात्र मागाहून होत आहे.

आपल्या देशात समुपदेशकाचे शिक्षण दोन निरनिराळ्या उगमांतून निघाले. पहिला उगम चिकित्सेचा. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले व पुढच्याच वर्षी त्याने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. मुलाच्या वर्तनाचा विचार त्याचे घर, शाळा व वस्ती यांसह करावयाचा, ही दृष्टी या केंद्राने रूढ केली. पुढे १९५४ साली बंगलोर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि १९५५ पासून तेथे वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका दिली जाऊ लागली. दुसरा उगम शाळेचा. त्याचा भर उपचारापेक्षा निवडीवर होता. मुंबई सरकारने १९५० साली व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची शिफारस केली, तर कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहा माध्यमिक शाळांमागे निदान एक फिरता समुपदेशक असावा, असे सुचविले. या प्रवाहात बुद्धिमापन, अभिरुची व कल यांच्या चाचण्यांना प्राधान्य मिळाले. २०१६ साली महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली कल-चाचणी ही त्याच परंपरेतील होय.

या दोन्ही प्रवाहांचे पाणी वऱ्हाडापर्यंत उशिरा पोहोचण्यास राजकीय भूगोलही कारण झाला, इकडे सहसा लक्ष जात नाही. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला हा प्रांत १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला. येथील उच्च शिक्षण १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होते, व मनोरुग्णालयही नागपूरचेच. मुंबईत व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र निघाले तेव्हा अमरावती व अकोला हे जिल्हे मध्यप्रदेश राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ मिळण्यास १ मे १९८३ हा दिवस उजाडावा लागला. म्हणजे मार्गदर्शनाच्या चळवळीची पहिली वर्षे मुंबई राज्यात चालू असता वऱ्हाड त्या राज्याच्या बाहेर होता.

पुढे मानसिक आरोग्याचा प्रश्न या प्रदेशात पुढे आला तो शाळेतून नव्हे, शेतातून. कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांविषयी मुंबई उच्च न्यायालयापुढे टाटा समाजविज्ञान संस्थेचा अहवाल २००५ साली सादर झाला. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. शासकीय साहाय्यास कुटुंब पात्र आहे की नाही हे ठरविताना जमीन, कर्ज व वसुलीचा तगादा पाहिला जातो. ही कारणे खरीच आहेत. त्यांना बगल देऊन सारा दोष शेतकऱ्याच्या मनावर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि कर्जाची नोंद होते तशी त्या घरातील निद्रानाशाची व निराशेची नोंद होत नाही. ही उणीव लक्षात घेऊन राज्य शासनाने २०१५ साली चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे त्यात होते.

या संदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत चाललेला ‘विश्राम’ हा उपक्रम विशेष अभ्यसनीय आहे. गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ते, प्रशिक्षित पण पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेले समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी तीन पायऱ्यांची त्याची रचना होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासानुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तत्पूर्वी गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतही असाच प्रयोग यशस्वी झाला होता व त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले होते.

येथे एक आक्षेप संभवतो. सामान्य शिक्षण झालेली गावची माणसे हे काम करू शकत असतील, तर पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा खटाटोप कशाला? हा आक्षेप वरकरणी सबळ दिसतो. पण या उपक्रमांची रचना पाहिली की त्याचे उत्तर मिळते. ते कार्यकर्ते निवडलेले होते, त्यांची कार्यपद्धती आखून दिलेली होती, आणि अवघड प्रसंगी रुग्णास कोणाकडे पाठवावयाचे हे ठरलेले होते. त्यांच्या पाठीशी शिकविणारा व चुका दाखविणारा जाणकार उभा होता. बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत झालेला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोगही हेच सुचवितो. तेथे एकच कार्यक्रम काही शाळांत खास नेमलेल्या स्थानिक समुपदेशकांनी, तर काही शाळांत शिक्षकांनी चालविला. समुपदेशकांच्या शाळांत शाळेचे वातावरण स्पष्टपणे सुधारले. शिक्षकांच्या शाळांत तसा परिणाम आढळला नाही. शिक्षकाच्या अनेक कामांत आणखी एकाची भर घालून समुपदेशक निर्माण होत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

कायद्याची पावलेही आता याच दिशेने पडत आहेत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांच्या शिक्षणाचे नियमन १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने होते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील इतर अनेक व्यवसाय २०२१ च्या अधिनियमाने प्रथमच राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आले. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत निदान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असणे आवश्यक ठरले. कोठारी आयोगाने दहा शाळांमागे एक समुपदेशक मागितला होता; आज जवळजवळ प्रत्येक शाळेस तो हवा आहे. ही माणसे पुरेशा शिक्षणावाचून नेमली गेली, तर पद भरेल, काम मात्र उभे राहणार नाही.

तेव्हा वऱ्हाडातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाने इतिहासापासून दोन बोध घ्यावयास हवेत. शाळा व चिकित्सा हे दोन प्रवाह येथे अलग ठेवता येत नाहीत. परीक्षेच्या भीतीने शाळा टाळणारा मुलगा आणि कर्जाच्या विवंचनेने झोप उडालेला त्याचा बाप एकाच घरात राहतात. अकोल्याच्या शाळेत बसलेल्या समुपदेशकास कल-चाचणीचे गुणांकन जितके यावयास हवे, तितकेच बापाच्या बोलण्यातील धोक्याचे चिन्हही ओळखता आले पाहिजे. दुसरे असे की, येथे माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ‘मले काही सुदरत नाही’ एवढेच म्हणतो. या तीन-चार शब्दांत काय दडले आहे, हे पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली अनेक प्रत्यक्ष प्रकरणे हाताळूनच शिकता येते. ग्रंथालयातील वाचन त्यास साह्य करील, त्याची जागा घेणार नाही.

वडीलधाऱ्यांनी व गुरुजींनी दिलेल्या धीराचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र तो धीर अपुरा पडतो त्या क्षणी पुढे कोणाकडे जावे, याचे उत्तर गावाजवळच मिळावे, एवढ्यासाठी हे शिक्षण हवे आहे. ते उत्तर तयार करणे हे या भागातील विद्यापीठीय विभागांचे कर्तव्य होय.