सुमार आणि बेसुमार

‘बेसुमार’ हा शब्द आपण इतका बेसुमार वापरतो, की त्याच्या पोटात काय आहे हे पाहायला कुणाला सवड नाही. जंगलतोड बेसुमार, पाण्याचा उपसा बेसुमार, पुढाऱ्यांची भाषणं बेसुमार. आमच्या घरातला माझा चहादेखील सौभाग्यवतींच्या मते बेसुमार. “बेसुमार म्हणजे किती कप?” असं विचारलं की उत्तर येतं, “मोजतंय कोण?”

दोन शब्दांत त्यांनी व्युत्पत्तीच सांगून टाकली! फारसीत ‘शुमार’ म्हणजे मोजणी आणि ‘बे’ म्हणजे विना. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी पुष्कळ फारसी शब्द आपल्या दप्तरांत ठाण मांडून बसले. त्यांतच हाही. घरं मोजायची ती ‘खानेसुमारी’. खाना म्हणजे घर. पुढे इंग्रजांनी १८७२ पासून देशभर माणसं मोजायला घेतली, तिलाही लोक खानेसुमारीच म्हणू लागले.

पण मोजणी आपल्या स्वभावात कुठली? आपण ‘सुमारा’चा अंदाज करून टाकला. ‘सुमारे शंभर माणसं’ म्हणजे न मोजलेली शंभर माणसं! नंतर तो आणखी घसरला आणि नाटकं सुमार झाली, जावई सुमार निघू लागले. ‘बेसुमार’चा अर्थ तर नुसता ‘फार’ एवढाच उरला.

इथेच घोटाळा आहे. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या. ज्याने त्याने आपल्यापुरतं पाणी ओढलं. बेरीज कुणीच केली नाही. शेवटी १९९३ साली कायदा करावा लागला, की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदू नये. आपलं दुखणं उपसा ‘फार’ होता एवढंच नव्हतं. तो अक्षरशः ‘बे-शुमार’ होता.

नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारने मात्र हा शब्द बरोबर वाचला. दुष्काळी गाव, पण तिथे पडलेला पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिकं ठरवतात. पाऊस काही त्यांच्यावर जास्त मेहेरबान नाही. हिशेब मात्र चोख.

‘अति तिथे माती’ असं आपण पोरांना शिकवतो. ते खरंच आहे. फक्त अति कुठून सुरू होतं, ते मोजल्याशिवाय कळत नाही. माती झाल्यावर काय, सगळ्यांनाच कळतं!