बिनतारी गृहसाधनांतील संपर्कखंड

बिनतारी गृहसाधनांतील संपर्कखंड : दिवे, कुलुपे, कॅमेरे, धूरसूचक इ. गृहसाधने रेडिओ तरंगांद्वारे घरातील राउटरशी व त्यामार्फत इंटरनेटशी जोडलेली असताना त्यांचा संपर्क अधूनमधून तुटणे, याला संपर्कखंड म्हणतात. हा दोष पुष्कळदा साधनाचाच मानला जातो. परंतु साधन सुस्थितीत असतानाही तो उद्‌भवतो. ही साधने ज्या कंप्रता पट्ट्यात काम करतात त्याच्या इतिहासात या दोषाची बरीचशी कारणे सापडतात आणि तो इतिहास लक्षात घेतल्यास दोषशोधनाचा क्रमही ठरविता येतो.

इतिहास : घरातील साधने दुरून चालविण्याच्या आरंभीच्या पद्धतींपैकी एक्स-१० ही पद्धती स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथ्स येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये विकसित केली. तीत घरातील वीजतारांतूनच १२० किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे संकेत पाठविले जात. मूळ पद्धती एकमार्गी असल्याने संकेत पोहोचला की नाही, हे प्रेषकाला कळत नसे. पुढे आलेल्या बिनतारी जालांत पोच देण्याची सोय झाली. मात्र तारेची जागा सर्वांना सामाईक असलेल्या माध्यमाने घेतली.

हे माध्यम मुळात संदेशवहनासाठी राखलेले नव्हते. अटलांटिक सिटी येथे १९४७ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन परिषदेत उद्योग, विज्ञान व वैद्यक यांतील रेडिओ-ऊर्जा वापरणाऱ्या उपकरणांसाठी काही पट्टे नेमून देण्यात आले. २,४५० मेगॅहर्ट्‌झभोवतीचा पट्टा त्यांपैकीच असून सूक्ष्मतरंग भट्टी याच कंप्रतेवर चालते [⟶ सूक्ष्मतरंग]. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संघीय संदेशवहन आयोगाने १९८५ मध्ये हा व आणखी दोन पट्टे विस्तारित वर्णपटाच्या तंत्राने चालणाऱ्या साधनांना विनापरवाना खुले केले. अट अशी की, साधनाने इतरांना हानिकारक व्यतिकरण करू नये आणि स्वतःला होणारे व्यतिकरण निमूटपणे सोसावे. भारतात २,४०० ते २,४८३·५ मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या साधनांना २००५ च्या नियमांन्वये परवान्यातून सूट मिळाली. तीही व्यतिकरणापासून संरक्षणाच्या हमीविनाच. साधने स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाली ती या मोकळिकीमुळे आणि त्यांच्या संपर्काची शाश्वती गेली तीही तिच्यामुळेच.

सामाईक माध्यमातून अनेकांनी बोलण्याचा प्रश्न हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रम्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये कार्यान्वित केलेल्या ॲलोहा जालात प्रथम ठळकपणे पुढे आला. प्रत्येक स्थानकाने हवे तेव्हा संदेश पाठवावा व पोच न मिळाल्यास तो पुन्हा पाठवावा, अशी ही पद्धती होती. संदेशांच्या टकरींमुळे अशा मार्गाच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त सु. १८ टक्केच उपयोगात येते. आधी कानोसा घेऊन मग बोलण्याच्या पद्धतीने स्थिती सुधारली; परंतु एकमेकांना ऐकू न येणारी दोन स्थानके तिसऱ्याशी एकाच वेळी बोलू लागल्यास टक्कर होतेच. या ‘लपलेल्या स्थानका’च्या प्रश्नाचे विश्लेषण टोबागी व क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्ये केले. १९९७ च्या आयईईई ८०२.११ या मानकाने, म्हणजेच पुढे वाय-फाय नावाने रूढ झालेल्या पद्धतीने, कानोसा व पोच ही दोन्ही तत्त्वे स्वीकारली.

दोषशोधन : सर्व साधने व राउटर एकदम बंद करून पुन्हा चालू केल्यास संपर्क बहुधा परत येतो, परंतु कारणाचा माग पुसला जातो. म्हणून खंड एकाच साधनात पडतो की सर्वांत, ठराविक वेळी पडतो की केव्हाही, ठराविक जागी पडतो की सर्वत्र, याची नोंद प्रथम करावी.

खंड स्वयंपाकाच्या वेळी पडत असल्यास सूक्ष्मतरंग भट्टीचा संशय घ्यावा. रात्री, शेजारची जाले गजबजलेली असताना पडत असल्यास मार्ग बदलावा. या पट्ट्यातील मार्गांच्या मध्यकंप्रतांत केवळ ५ मेगॅहर्ट्‌झ अंतर असते. संदेश मात्र सु. २० मेगॅहर्ट्‌झ रुंदी व्यापतो. त्यामुळे १, ६ व ११ हे मार्गच एकत्र वापरता येतात. दूरच्या खोलीतील एकच साधन तुटत असल्यास प्रबलित काँक्रीटची भिंत, धातूचे कपाट किंवा पाण्याची टाकी यांमुळे होणारे तरंगांचे क्षीणन तपासावे. राउटर काही मीटर हलविल्यानेही फरक पडतो. क्षीण झालेले विद्युत् घट व सदोष वीजपुरवठा हीही नेहमीची कारणे होत.

संपर्क ठराविक कालांतराने तुटत असल्यास पत्त्याच्या मुदतीकडे लक्ष द्यावे. राउटर साधनाला पत्ता मुदतीने देतो. मुदतवाढीत अडथळा आल्यास किंवा दोन साधनांना एकच पत्ता लाभल्यास खंड पडतो. राउटर बदलल्यावर जुनी साधने जोडलीच जात नसतील, तर २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षापद्धती त्यांना अवगत नसणे किंवा त्यांना केवळ २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्टाच वापरता येणे, हे कारण संभवते. घरातील जाल सुरळीत असूनही एकाच उत्पादकाची सर्व साधने निकामी झाल्यास दोष त्याच्या दूरस्थ संगणकात असण्याचा संभव असून राउटरशी खटपट करणे व्यर्थ ठरते.

उपाय व मर्यादा : आयईईई ८०२.१५.४ (२००३) या मानकावर आधारलेल्या झिगबी व थ्रेड या पद्धतींत साधने एकमेकांचे संदेश पुढे नेत असल्याने एक वाट बंद झाली, तरी दुसरी मिळू शकते. झी-वेव्ह पद्धती १,००० मेगॅहर्ट्‌झखालील कमी गजबजलेला पट्टा वापरते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅटर मानकात दूरस्थ संगणकावाचून घरातल्या घरात नियंत्रण करण्याची सोय आहे. यांपैकी कोणतीही पद्धती अखंड संपर्काची हमी देऊ शकत नाही. दिवा न लागल्यास केवळ गैरसोय होते. कुलूप व धूरसूचक यांच्या बाबतीत मात्र माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो. म्हणून कुलूप किल्लीनेही उघडता येणे आणि धूरसूचकाचा भोंगा जालाविना वाजणे आवश्यक आहे. अशी साधने निवडताना ही कसोटी प्रथम लावणे इष्ट ठरते.